जळगावहून विमानाने: कागदावरचं अंतर आणि घड्याळातला वेळ

नेटवर ‘जळगाव ते मुंबई विमानाने किती वेळ’ असं टाकलं की झटकन उत्तर येतं: अंतर साधारण ३५५ किलोमीटर, वेळ पाऊण तास ते तास. यातलं अंतर बरोबर आहे. वेळ मात्र जळगावला न येणाऱ्या विमानाचा आहे. असल्या साइट दोन विमानतळांमध्ये सरळ रेघ मारतात, तिला जेटच्या ताशी ८०० किलोमीटर वेगाने भागतात आणि वर अर्धा तास टाकतात. जळगावची धावपट्टी सुमारे १७०० मीटरची आहे. भरलेल्या एअरबसला एवढ्यात सुखाने उठता येत नाही. इथे येतं ते एटीआर ७२. पंख्याचं, सत्तर-बहात्तर आसनांचं, आणि जोर लावला तरी ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जाणारं. म्हणून या सेवेचं मोजमाप करायचं तर आधी हिशेब बदलावा लागतो.

सोपा हिशेब असा. एटीआर मिनिटाला आठ किलोमीटर धरा. सरळ अंतराला आठने भागा आणि वर पंचवीस मिनिटं घाला. मुंबई आणि हैदराबादसारख्या गर्दीच्या ठिकाणी तीस. जळगाव ते पुणे सरळ रेषेत ३१८ किलोमीटर, म्हणजे चाळीस अधिक पंचवीस, पासष्ट मिनिटं. मुंबई ३५५ किलोमीटर, सव्वा तास. अहमदाबाद साधारण ३८८ किलोमीटर, तेही सव्वा तासाच्या घरात. हैदराबाद ५०७ किलोमीटर, दीड तासाला थोडं वर. गोव्याचं मोपा ६०७ किलोमीटर, एक तास चाळीस मिनिटं. कंपन्यांच्या वेळापत्रकातले आकडे याच्या पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे सापडतील.

वरची पंचवीस मिनिटं कुठे जातात? वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हललं तिथून सुरू होतो आणि दुसरीकडे जागेवर थांबलं तिथे संपतो. धावपट्टीच्या टोकापर्यंत रांगत जाणं, वर चढताना कमी असलेला वेग, उतरण्याआधीचं वळण, हे सगळं त्यात येतं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरात असते. रांग लागली की विमान घिरट्या घालतं आणि दहा-पंधरा मिनिटं तिथेच खर्ची पडतात. वाऱ्याचाही वाटा असतो. पावसाळ्यात नैऋत्येचा वारा समोरून ताशी ५५ किलोमीटरने आला तर मुंबईला जाताना पाचेक मिनिटं जास्त लागतात, येताना तेवढीच वाचतात. पाच मिनिटांनी कुणाचं काही अडत नाही, पण येण्या-जाण्याच्या वेळेत फरक दिसला तर कारण हे आहे.

आता मुद्दा: कुठल्या मार्गावर पैसे वसूल होतात?

आमच्या मते पुणे पहिला. रेल्वेने जायचं तर मनमाड-दौंडचा वळसा. रस्त्याने संभाजीनगर, अहिल्यानगर करत चारशे किलोमीटर, म्हणजे ट्रॅव्हल्सची अख्खी रात्र आणि सकाळी वाघोलीची कोंडी. त्यासमोर विमानाची पासष्ट मिनिटं, आधीचा दीड तास आणि नंतरचा तास धरूनही चार तासांत काम होतं. लोहगाव विमानतळापासून विमाननगर, खराडी, येरवडा हाकेच्या अंतरावर. खान्देशातली निम्मी आयटीची पोरं मात्र हिंजवडीला आहेत आणि ते दुसरं टोक. ऑफिस सुटायच्या वेळी उतरलात तर लोहगाव ते हिंजवडी हा प्रवास विमानापेक्षा लांबू शकतो. तेव्हा पुण्याचं तिकीट काढताना उतरण्याची वेळ आधी बघा, भाडं नंतर.

हैदराबादला फायदा याहून मोठा आहे, पण गरज असलेले लोक कमी. रोजच्या थेट गाडीची सोय नसल्याने मनमाड गाठून अजंता एक्स्प्रेसने रातभर जावं लागतं. विमानाने दीड तास. शिवाय हैदराबादच्या शमशाबाद विमानतळाहून तिरुपती, बंगळुरू, चेन्नई, विशाखापट्टणम अशी पुढची विमानं भरपूर. बालाजीला जाणाऱ्यांना मुंबईमार्गे जाण्यापेक्षा हा रस्ता सरळ पडतो. उतरल्यावर टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात शिरण्याआधी ‘पुष्पक’ नावाची विमानतळ बस बघा.

गोव्याला जाताना एकच गोष्ट पाठ करून ठेवा: विमान मोपाला उतरतं, दाबोळीला नाही. मोपा पेडणे तालुक्यात, उत्तर टोकाला. हणजुणे, कळंगुट, म्हापसा यांना सोयीचं. हॉटेल कोलव्याला किंवा मडगावला घेतलंत तर उतरल्यावर साठ-सत्तर किलोमीटरचा रस्ता उरतो. परतीचं तिकीट दुसऱ्या कंपनीचं असेल तर विमानतळाचं नाव दोनदा वाचा. सावंतवाडी, मालवणला जाणाऱ्यांनाही मोपा जवळ पडतं, हे फार जणांच्या ध्यानात येत नाही.

मुंबईबद्दल मात्र आमचं मत तितकंसं चांगलं नाही. यात विमानाचा दोष नाही, अंतरच अडनिडं आहे. रेल्वेने जळगाव ते सीएसएमटी ४२० किलोमीटर. विदर्भ एक्स्प्रेसला रात्री बसलं की सकाळी कल्याण, ठाणे, दादर, जिथे हवं तिथे उतरता येतं. विमानाचं गणित मांडू. घर ते विमानतळ अर्धा तास, आधी पोहोचणं दीड तास, उड्डाण सव्वा तास, बाहेर पडून बॅग घेणं अर्धा तास, मुंबईची वाहतूक एक ते दीड तास. पावणेपाच ते सव्वापाच तास झाले, आणि तेही दिवसाचे, जागेपणीचे. काम कल्याण-डोंबिवलीत असेल तर विमानाने जाऊन उलटं मागे यायचं, यात काही अर्थ नाही. अंधेरी, वांद्रे-कुर्ला, पवई असेल, त्याच दिवशी परत यायचं असेल किंवा रुग्णाला रात्रीची गाडी झेपणार नसेल, तर विमान. आता मुंबईच्या तिकिटावर आणखी एक गोष्ट बघायची. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचं विमानतळही सुरू आहे. बीओएम लिहिलं असेल तर जुनं, एनएमआय असेल तर पनवेलजवळचं. जुन्याचेही दोन भाग: टी१ सांताक्रूझ-पार्ल्याच्या बाजूला, टी२ सहारला. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलहून असेल तर मधला प्रवास रस्त्याने करावा लागतो.

अहमदाबादला नवजीवन एक्स्प्रेस आणि हावडा-अहमदाबादसारख्या गाड्या सुरतवरून थेट आहेत. कापडाच्या किंवा सोन्याच्या व्यापाऱ्याला वेळेची किंमत असेल तर विमान घ्यावं. बाकीच्यांनी रेल्वेचं आरक्षण मिळतंय का ते आधी बघावं.

या सेवेवर किती विसंबायचं, हे कळायला थोडा इतिहास लागतो. जळगावचं, म्हणजे कुसुंब्याचं विमानतळ नव्या रूपात मार्च २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सुरू झालं. नियमित प्रवासी विमान मात्र डिसेंबर २०१७ मध्ये आलं, छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या ‘उडान’ योजनेत, एअर डेक्कनचं १८-१९ आसनांचं छोटं विमान. ती कंपनी २०२० च्या टाळेबंदीत बंद पडली. २०१९ मध्ये आलेली ट्रूजेट २०२२ मध्ये थांबली. मग एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय९१ ने गोवा आणि हैदराबाद धरलं, पुढच्या महिन्यात पुणे जोडलं आणि जूनमध्ये अलायन्स एअरने मुंबई सुरू केली. या चढउताराचं मूळ योजनेच्या रचनेत आहे. उडानमध्ये साधारण निम्म्या आसनांना भाड्याची मर्यादा असते. योजना आली तेव्हा ती तासाभराच्या, ५०० किलोमीटरपर्यंतच्या प्रवासाला २,५०० रुपये होती, नंतर वाढली. त्यातून कंपनीला येणारी तूट सरकार भरून देतं, पण तीन वर्षंच. अनुदान संपलं आणि आसनं रिकामी राहिली की मार्ग गुंडाळला जातो. म्हणून चार महिने पुढचं लग्नाचं किंवा परदेशी विमानाचं गणित या एका उड्डाणावर बेतू नका. विमानांचं वेळापत्रक वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, बदलतं. त्या तारखेच्या पलीकडचं तिकीट काढलं असेल तर बदलाच्या आठवड्यात पुन्हा तपासा. विमान रोज असतंच असं नाही. मंगळवारी गेलात आणि गुरुवारी परतीचं विमानच नाही, असंही होतं.

‘जळगावचं विमान कायम लेट’ ही तक्रार सगळ्यांच्या तोंडी असते. तिचं कारण बहुतेक वेळा जळगावात सापडत नाही. एकच एटीआर दिवसभरात चार-सहा फेऱ्या मारतं. मधला थांबा पंचवीस-तीस मिनिटांचा. सकाळी दुसऱ्या गावी चाळीस मिनिटं गेली तर ती भरून काढायला दिवसात जागाच नसते. प्रत्येक थांब्यावर थोडी भरच पडते आणि संध्याकाळचं विमान दीड तास मागे. उपाय म्हणजे शक्य तिथे दिवसातली आधीची फेरी घ्यायची. घरातून निघण्याआधी नकाशावर विमानं दाखवणाऱ्या फ्लाइटरडार ॲपवर तुमचंच विमान आता कुठे आहे ते बघायचं. ते अजून पलीकडच्या गावाहून उडालंच नसेल तर मोबाइलवर ‘वेळेवर’ लिहिलेलं असूनही ते वेळेवर नाही. तरी काउंटर मूळ वेळेच्या तासभर आधीच बंद होतो, हे विसरू नका. विमान उशिरा आहे म्हणून तुम्ही उशिरा गेलात तर चूक तुमचीच धरतात.

हवामानाचं दुखणं वेगळं. जिथे आयएलएस, म्हणजे विमानाला रेडिओने धावपट्टीपर्यंत आणून सोडणारी यंत्रणा असते, तिथे ५५० मीटरवरचं दिसत असलं तरी उतरता येतं. निव्वळ नजरेच्या भरवशावर उतरायचं तर ५ किलोमीटरपर्यंत स्वच्छ दिसावं लागतं. त्यामुळे मोठ्या विमानतळांवर सहज चालून जातं तेवढं धुकं किंवा पाऊस छोट्या गावी उड्डाण रद्द करायला पुरतो. ऑगस्टची झड आणि डिसेंबर-जानेवारीची पहाट, या दोन वेळी हातात दुसरा पर्याय ठेवा. त्याच रात्रीच्या गाडीचं रद्द करता येणारं तिकीट सगळ्यात स्वस्त पडतं.

आणि मे महिना. जळगावचं ऊन काय असतं हे खान्देशात कुणाला सांगायला नको, पण विमानाला ते कसं लागतं ते सांगण्यासारखं आहे. विमानतळ समुद्रसपाटीपासून अडीचशे मीटरवर. पारा ४५ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की विमानाच्या पंखाला आपण चौदाशे मीटर उंचीवर आहोत असं वाटतं. म्हणजे दुपारी दोनला आपली धावपट्टी महाबळेश्वरच्याही थोडी वर जाऊन बसते, फक्त गारवा तेवढा नसतो. विरळ हवेत पंखाला उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते आणि उठायला जास्त लांबी लागते. लांबी तर वाढवता येत नाही, मग वजन कमी करतात: काही आसनं रिकामी सोडतात किंवा काही बॅगा मागाहून पाठवतात. उन्हाळ्यात सकाळचं विमान घ्या, आणि औषधं, कागदपत्रं, एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा.

उन्हाळ्यातलं आणखी एक. एटीआरच्या शेपटीत मोठ्या विमानासारखं वेगळं छोटं इंजिन नसतं. जमिनीवर गारवा द्यायला उजव्या इंजिनाचा पंखा ब्रेकने अडवून ते इंजिन चालू ठेवतात. तसं केलेलं नसेल तर पंखे फिरेपर्यंत आत भट्टी असते. एसी बिघडलेला नसतो. पाच-सात मिनिटांत थंड होतं. पाण्याची बाटली जवळ असू द्या.

चढायचं दार मागे, डाव्या हाताला. सामानाचा मोठा कप्पा पुढे, वैमानिकाच्या खोलीमागे. चढताना शेपटीखाली एक दांडा टेकवलेला दिसला तर घाबरू नका. माणसं मागून चढतात, तेव्हा मागची बाजू जड होऊन नाक वर उचललं जाऊ नये म्हणून तो असतो. आसनं दोन-दोनची, मधलं आसन नाहीच. पंख वरच्या बाजूला असल्याने जवळपास प्रत्येक खिडकीतून खाली दिसतं. आवाज नको असेल तर पंख्याच्या रेषेतल्या पुढच्या रांगा टाळा. मागच्या रांगा शांत आणि उतरतानाही पहिला नंबर तुमचा. विमान अर्धं रिकामं असलं तरी मनाने जागा बदलू नका, वजनाचा तोल धरून त्या वाटलेल्या असतात. पुण्याला जाताना उड्डाणानंतर थोड्याच वेळात अजिंठ्याचे डोंगर पायाखालून जातात. तापी-गिरणाकाठच्या केळीच्या बागांचे हिरवे चौकोन बघायचे असतील तर ते उतरताना नीट दिसतात. पंधरा-वीस हजार फुटांवर, म्हणजे ढगांमधूनच उडत असल्याने पावसाळ्यात हादरे जास्त बसतात. गचके जेटपेक्षा जास्त जाणवतात, धोका वाढतो असं नाही.

रद्द झालं तर काय, यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम लक्षात ठेवा. इथे उड्डाणाच्या वेळेचा आकडा अचानक पैशाचा होतो. वेळेत न कळवता रद्द केलं, तर वेळापत्रकातला प्रवास तासाभरापर्यंतचा असल्यास ५,००० रुपये, एक ते दोन तासांचा असल्यास ७,५०० रुपये किंवा मूळ एकेरी भाडं अधिक इंधन आकार, यांपैकी जे कमी ते मिळतं. तिकिटाचे पैसे वेगळे. जळगावचे सगळे मार्ग तासाच्या वर आहेत, म्हणजे दुसऱ्या गटात. प्रत्यक्षात ‘जे कमी ते’ ही मेख असते आणि स्वस्त तिकिटावर हातात हजार-दोन हजारच पडतात. कारण हवामान किंवा हवाई नियंत्रण असेल तर तेही नाही, फक्त परतावा किंवा दुसरं विमान. दोन तासांहून जास्त उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं, ते मागून घ्या. कारण काय दिलं ते लेखी किंवा मेसेजवर मागा. नंतर दाद मागताना त्याच एका ओळीवर सगळं ठरतं.

धुळे, नंदुरबार, चाळीसगावकरांनी जळगाव डोळे मिटून धरू नये. धुळ्याला गोंदूरला धावपट्टी आहे, पण ती वैमानिक शिकण्यासाठी; तिकीट काढून बसायचं विमान तिथे नाही. धुळ्याहून जळगाव ९५ किलोमीटरच्या आसपास, नाशिकचं ओझर त्याहून लांब पण रस्ता चांगला. नंदुरबारला सुरतचं विमानतळ आणि जळगाव जवळपास सारखंच पडतं, आणि सुरतहून विमानं कितीतरी जास्त. चाळीसगावहून कन्नडचा घाट चढून संभाजीनगरचं चिकलठाणा गाठता येतं. तिथे एअरबस उतरते आणि दिल्लीची थेट सोय आहे. भुसावळ, रावेर, यावल, जामनेर, पाचोरा यांना मात्र जळगावच.

विमानतळ शहरापासून सहा-सात किलोमीटर, संभाजीनगर रस्त्यावर. खरा अडथळा अजिंठा चौफुलीचा. संध्याकाळी एमआयडीसी सुटायच्या वेळी तिथे वीस मिनिटं सहज जातात. रिक्षा जाताना मिळते. परतीला विमान उतरल्यावर असतील-नसतील, आधी ठरवून ठेवलेली बरी. इमारत छोटी, रांग छोटी. मुंबईत दोन तास लागतात म्हणून इथेही दोन तास आधी जाऊन बसायची गरज नाही. सव्वा ते दीड तास पुष्कळ. खाण्याच्या सोयीवर विसंबू नका, घरून खाऊन निघा.

शेवटचं सामानाबद्दल, कारण खान्देशी माणूस रिकाम्या हाताने मुलांकडे जात नाही. काळा मसाला, तिखट, कळण्याचं पीठ चेक-इन बॅगेत, हातातल्या पिशवीत नको. पुडी म्हटली की तपासणीत अडकते. मिरचीचा ठेचा, लोणचं, तूप हेही खालीच, आणि बरणीचं झाकण टेपने गुंडाळून दोन पिशव्यांत, कारण वरच्या कमी दाबाला तेल वाट शोधतंच. सुकं खोबरं चेक-इनमध्येही चालत नाही. ते तेलकट असतं, पेट घेतं, म्हणून बॅग उघडायला लावतात. भरताची वांगी आणि केळी चालतात. केळी मात्र कच्ची न्या. सोनं कायम हातातल्या पिशवीत, पावतीसकट. पॉवर बँकही हातातच, खालच्या बॅगेत सापडली तर चेक-इन झाल्यावरही नावाने पुकारा होतो. मोठी ट्रॉली वरच्या कप्प्यात मावत नाही, शिडीपाशीच काढून घेतात. तेव्हा सोनं आणि औषधं त्या ट्रॉलीत नव्हे, खांद्यावरच्या छोट्या पिशवीत.